दत्तूनानांच्या घरची इर्जिक

दत्तूनाना कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक करायची, कान टेकवायचा, डोळे मिटायचे. भिंतीचं सगळं म्हणणं ऐकून झालं की मग यजमानाला नमस्कार. एकदा आमच्या आळीत समाचाराला आले. घरात रडारड चाललेली. नानांनी टकटक केली, कान लावला आणि गेलेल्या माणसाच्या बायकोला हळूच म्हणाले, "वहिनी, रडा. पण सदरहू भिंतीस टेकू नका."

नाना संस्थानच्या काळात बांधकाम खात्यात कारकून होते. जन्मात त्यांनी विटेवर वीट ठेवली नव्हती. पण इतकी वर्षं भिंतींचे कागद हाताळल्यामुळे भिंती आपल्याला ओळखतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. संस्थान गेलं, नोकरी गेली, भाषा मात्र राहिली. चहा नको असला की "तूर्त स्थगित" म्हणत. मंडईत भाजीवालीला "वांगी किडकी, सबब परत" असं सांगत आणि ती बिचारी मुकाट्याने वांगी बदलून देई.

कोयनेच्या भूकंपानंतर भोरच्या आमच्या तीन जुन्या आळ्यांत आणि तिकडे वेल्ह्याच्या बाजारवस्तीत मातीच्या भिंतींना भेगा पडल्या. पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नसती तर अर्धी घरं बसली असती. एकेकट्याच्या ऐपतीचं ते काम नव्हतं. तीन आळ्यांचं तर नळाच्या पाळीवरूनही कधी जमलं नव्हतं. तेव्हा नानांनी तोडगा काढला. शेतात करतात तशी घरांची इर्जिक करायची. दर रविवारी सगळ्यांनी मिळून एका घराची भिंत उभी करायची आणि त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं. वेल्ह्याकडे गवंडी आणि बांबू होते, आमच्याकडे चुना आणि कौलं. समिती झाली. मी कन्याशाळेत शिक्षिका. याद्या केल्याशिवाय मला झोप येत नाही हे गावाला ठाऊक होतं, म्हणून मी चिटणीस.

नियम नानांनी केले. घर यादीत घालण्याआधी दोघांनी भेग पाहायची. जेवण सगळीकडे एकच, पिठलं आणि भाकरी, म्हणजे कुणाला कमीपणा नको. आणि पंगत एकच.

या शेवटच्या नियमावरून वरच्या आळीत अडलं. तिथल्या एका घरात वेल्ह्याच्या लोकांची पानं अंगणात वेगळी मांडली होती. त्यांचा गवंडी गंगाराम बौद्ध वस्तीतला. त्याच्या माणसांनीच सकाळपासून त्या घराची भिंत रचली होती. नाना दारात रचलेल्या कौलांच्या ढिगावर जाऊन बसले आणि म्हणाले, "सदरहू घराचे छप्पर तूर्त स्थगित." घरधन्याने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. तासाभराने पंगत एक झाली.

दुसरा खटका बाबूशेठ किराणावाल्यांशी. त्यांनी दुकानामागच्या भिंतीची भेग दाखवली. नानांनी कान लावला, मग चष्मा लावला. "भूकंप होऊन दोन महिने झाले," ते म्हणाले. "भेगेत एव्हाना कोळी राहायला येतो. इथे अजून जागा रिकामीच आहे. काल कोयत्याने पाडलीत का?" अख्ख्या आळीसमोर नाव खोडलं गेलं. बाबूशेठ रविवारी कामाला येत राहिले, पण नानांशी बोलणं बंद.

ज्येष्ठ लागेपर्यंत चौदा घरं झाली. यादी संपली. एक रविवार उरला होता. तेवढ्यात नानांचा लेखी अर्ज माझ्या हातात पडला. "अर्जदाराचे मागील पडवीचे भिंतीस भेग पडली असून अर्जदार एकटा आहे, तरी विचार व्हावा." एवढे महिने दुसऱ्यांच्या भिंती ऐकत फिरणाऱ्या माणसाची भिंत पाहायला कोण जाणार? मी सरळ नाव लिहिलं. ती चूक माझी.

रविवारी सकाळी चाळीसेक माणसं घमेली, फावडी घेऊन नानांच्या दारात. घर झाडून सारवलेलं. नानांची पत्नी जाऊन सात वर्षं झाली होती आणि मुलगा दूर नोकरीला. तेव्हापासून नाना खानावळीत जेवत. त्या दिवशी मात्र चूल पेटलेली होती आणि वर कुणाकडून तरी मागून आणलेलं भलंमोठं पातेलं होतं. नाना कमरेला पंचा गुंडाळून पिठलं ढवळत होते. डाळीचं पीठ भुवईपर्यंत उडालेलं.

मी, गंगाराम आणि बाबूशेठ मागच्या पडवीत गेलो. बाबूशेठ मुद्दाम पुढे. गंगारामने भेगेत थापीचं टोक घातलं. ते नखभरही आत गेलं नाही.

"बाई, भिंत दगडी हाय," तो माझ्या कानाशी म्हणाला. "नुसता गिलावा खरवडलाय. हिला कायबी झालं न्हाई."

पडवीच्या दारात आता माणसं गोळा झाली होती. मागे नाना उभे होते, हातात पळी. तिच्यावरून पिठलं सारवलेल्या जमिनीवर ठिबकत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

बाबूशेठ भेगेकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे भिंतीला लागून चाळीस पाट ओळीने मांडले होते. कुठून कुठून जमवलेले, एकासारखा दुसरा नाही.

"लई खोल गेलीय," बाबूशेठ मोठ्याने म्हणाले. "बघता काय? दिवसभराचं काम आहे हे. गंगाराम, चुना कालव."

गंगारामने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आपल्या माणसांना हाक मारली. चाळीस माणसांनी एका धडधाकट भिंतीचा गिलावा पाडला आणि पुन्हा चढवला. दुपार टळेपर्यंत काम पुरवलं. इतक्या सावकाश काम करताना मी आमच्या समितीला कधी पाहिलं नव्हतं.

मग पंगत बसली. पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या आणि मीठ दोनदा पडलेलं. बाबूशेठनी तिसऱ्यांदा मागून घेतलं आणि पाण्याचे चार तांबे रिचवले. नाना वाढत फिरत होते. ज्याच्या त्याच्या पानाशी थांबून नाव विचारत, मूळ गाव विचारत, घरी कोण कोण आहे ते विचारत. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी वेल्ह्याच्या लोकांची एसटीची वेळ झाली. गंगारामने थाप्या धुतल्या, पिशवीत भरल्या आणि ओट्यावर येऊन म्हणाला, "नाना, नवा गिलावा हाय. पाणी मारत ऱ्हावा. पुढल्या ऐतवारी येऊन बघावं लागंल."

नाना उंबऱ्यात उभे होते. त्यांनी पंच्याला हात पुसले, घसा साफ केला.

"किती जण याल?" त्यांनी विचारलं.