डक्टमधला आरोपी

तुम्ही पळपुटे आहात. 'घरातले हवेचे डक्ट गरज असेल तरच साफ करून घ्यावेत' हे वाक्य ज्या कोणी सरकारी खुर्चीत बसून वेबसाइटवर टाकलंय, त्याच्याशी बोलतोय मी. गरज आहे की नाही हे मला कळत असतं, तर तुमचं पान कशाला उघडलं असतं?

मी परीक्षित. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधला एकमेव मराठी गुप्तहेर. दुसरा कोणी असेल तर तो मला सापडलेला नाही, आणि मला न सापडणारा माणूस अस्तित्वात नसतो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतो. स्वतःच्या शोधायची वेळ अजून आलेली नाही.

केस अशी. माझी बायको राधिका. पाच वर्षं पीएचडीत घासली, शुक्रवारी सकाळी दहाला डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. पन्नास मिनिटं सलग बोलायचं. आणि सोमवारपासून रोज दुपारी मागच्या खोलीत प्रॅक्टिसला उभी राहिली की चौथ्या स्लाइडला खोकला, पाचव्याला डोळ्यांतून पाणी, सहाव्याला आवाज गायब. डॉक्टरांनी घसा पाहिला, ठीक आहे म्हणाले आणि कागदावर इंग्रजीत खोकला लिहिला. राधिकाने घरी येऊन तो इंग्रजीतच वाचून दाखवला.

"कफ?" माझ्या सासूबाई पद्मजा म्हणाल्या. त्या खास डिफेन्ससाठी नागपूरहून आल्यात. "कफ झाला तर काढाच पायजे." तीन दिवस राधिका आल्याचा काढा पीत होती. नसलेला कफ काही सुटेना.

मी तपास हाती घेतला. हीटरची हवा डक्टच्या पत्र्याच्या नळांतून येते ती खिडकीजवळच्या जमिनीतल्या जाळीतून. तिच्यावर टिश्यू धरला. टिश्यू उडाला. म्हणजे आतून काहीतरी येत होतं. टेबलावर तांबूस कण सापडले. गंज! म्हणजे डक्ट सडलेत. त्याआधी घराच्या जुन्या मालकाच्या कुत्र्यावर माझा संशय होता, आणि राधिकाच्या लॅबमधल्या नकुलवर, कारण त्याने आम्हाला सुगंधी मेणबत्ती दिली होती आणि विनाकारण भेट देणारा माणूस मी सोडत नाही. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, पण त्यांना खोकला नाही. अमेरिकन धूळ नागपूरच्या फुफ्फुसांना ओळखत नाही, अशी मी नोंद केली.

"काय शोधून राह्यले जावईबापू?"

"पुरावा, आई."

"सापडला की जेवायला या."

खोलीत दुसरी जाळी सासूबाईंच्या सोफाबेडखाली होती. पण सासूच्या पलंगाखाली डोकावणं जावयाला शोभत नाही. गुप्तहेरालाही संस्कार असतात.

डक्टवाल्याला फोन केला. "बुरशी दिसते का?" त्याने विचारलं.

"दिसत नाही. म्हणूनच संशय आहे."

गुरुवारी दुपारी दोनची वेळ मिळाली. राधिका भडकली. "यार परीक्षित, ते चार तास व्हॅक्यूम लावून बसणार. माझी शेवटची प्रॅक्टिस आहे. कॅन्सल कर!"

"आणि शुक्रवारी चौथ्या स्लाइडला आवाज गेला तर?"

यावर ती खोकली. मी तो होकार धरला.

गुरुवारी बर्फ पडला. रोज दुपारी शेजारणीबरोबर मॉलमध्ये चालायला जाणाऱ्या सासूबाई घरीच राहिल्या. एक वाजता राधिका सुरू झाली. चौथी स्लाइड. सासूबाई स्वयंपाकघरातून पळी घेऊन धावत आल्या.

"थांब. हा कफ कुठचा? ठसका आहे हा. मिरचीचा." मग त्यांचा चेहरा उतरला. "अगं माय!"

त्या गुडघ्यांवर बसल्या. सोफाबेडखाली, जाळीवर, जुन्या ओढणीवर, दोन किलो भिवापुरी मिरच्या पसरलेल्या. देठं काढलेल्या.

"बॅगेत नरमल्या होत्या. इथं ऊन कुठं आहे बाप्पा? खालून मस्त गरम हवा येऊन राह्यली. म्हटलं वाळतील, पोरीसाठी वर्षाचं तिखट करून जाईन."

"आई," राधिका डोळे पुसत म्हणाली, "तुला कसा ठसका लागला नाही?"

"एवढुशा मिरचीनं?"

केस सुटली. मी ऐटीत फोन करून डक्टवाल्याला कॅन्सल केलं. मग पुरावा ताब्यात घेण्यासाठी ओढणी एका झटक्यात ओढली. ओढणीत जाळी अडकली होती. जाळी वर आली, मिरच्या खाली डक्टमध्ये गेल्या. किलोभर तरी.

"शाबास," राधिका म्हणाली. हा शब्द तिने माझ्यासाठी प्रथमच वापरला. मी हीटर बंद केला. ती लॅपटॉप उचलून नकुलकडे मुक्कामाला गेली, शुक्रवारी पन्नास मिनिटं खणखणीत बोलली, आणि आता डॉक्टर राधिका आहे.

डक्टवाल्याकडे पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे. बाहेर उणे चौदा. डॉक्टर राधिका, सासूबाई आणि मी कोट घालून जेवतोय. तुमच्या वेबसाइटवरच्या यादीत बुरशी आहे, उंदीर आहेत, धूळ आहे. भिवापुरी मिरची नाही. फाटे फोडू नका, फॉर्म पाठवू नका. हीटर लावू की नको?