समतेतील दुसरा क्रमांक

समाज बदलावा असे वाटणे हा तारुण्याचा धर्म होय; आणि तो आपल्याला धक्का न लागता बदलावा असे वाटणे, हा तारुण्याचा विवेक होय. आमच्या गावातील तरुणांच्या ठायी हे दोन्ही गुण एकवटले होते, ही या मातीची पुण्याई.

टेंभुर्णीच्या वाटेवरील आमच्या गावात पोळ्याची व्यवस्था पूर्वजांनी फार दूरदृष्टीने लावून दिलेली आहे. वेशीला आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. त्याखालून प्रथम पाटलांची जोडी जाते, मागून भावकीची, मग उरलेल्या गावाची, ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. शेवटची जोडी गेली की तोरण उतरवतात आणि त्याची पाने कणगीत ठेवण्यासाठी वाटून घेतात. त्यानंतर बौद्धवाड्यातील बैल नाल्याकडच्या वाटेने गावात येतात. (त्यांना कोणी अडवत नाही. आमचे गाव सहिष्णू आहे.) बैलांना स्वतःची पायरी ठाऊक नसते, सबब ती लक्षात ठेवण्याचे काम माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य केलेले आहे.

१९९१ च्या सुमारास गावात समता युवक मंडळाची स्थापना झाली. अध्यक्ष शिवाजी, रखमाजी पाटलांचे चिरंजीव, भोकरदनला कॉलेजात शिकणारे. त्यांचे भाषण ऐकून अंगावर रोमांच उभे राहत. (घरी ते भाषण करीत नसत.) मार्गदर्शक म्हणून मंडळाने माझी निवड केली, कारण मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला, वयोवृद्ध आणि बैलहीन. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याला पोळ्याविषयी निर्भय मत बाळगता येते.

नागपंचमी झाल्यावर कांताबाई मंडळाकडे आल्या. बौद्धवाड्यातील या बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली होती, आणि त्या साली प्रथमच स्वतःची जोडी घेतली होती.

"शिवाजीदादा, औंदा माझी जोडी तोरणाखालून जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पानं उतरायच्या आधी. बास, येवढंच."

"पन मावशी, तुम्ही तर धर्म बदलला ना?" मंडळाचा चिटणीस मच्छिंद्र याने अभ्यासू शंका काढली.

"आम्ही देव सोडले बापा, बैल न्हाई सोडले. वखर काय देव वढून राह्यले का?"

अध्यक्ष गहिवरले. "मावशी, झालंच समजा." (मंडळात ते त्यांना मावशी म्हणत. वडिलांसमोर 'कांते'.)

ठराव एकमताने संमत झाला. चौतीस सदस्य, चौतीस हात. मग एक किरकोळ तपशील उरला: गावाची शेवटची जोडी गेली की तोरण उतरते, तेव्हा त्याआधी कांताबाईंची जोडी पुढे जावी म्हणून पहिल्यांदा स्वतःची जोडी थांबवणार कोण? शास्त्रशुद्ध पाहणी करण्यात आली. वडिलांचे भय असलेले सदस्य एकवीस. ठरत आलेली सोयरीक मोडेल असे भय असलेले नऊ. भय मुळीच नसलेले, परंतु पोळ्याच्या दिवशी जाफराबादला निकडीचे काम निघालेले, चार.

"मी तर बिलकुल तयार हाय," मच्छिंद्र म्हणाला. "फक्त पयलं कोनी तरी जाऊ द्या. मी लगेच मागं हाय."

या वाक्याने सभेत चैतन्य पसरले. चौतीसही जण दुसरे जाण्यास तयार होते. जगातील कोणत्याही क्रांतीत दुसऱ्या क्रमांकासाठी एवढी चुरस झाली नसेल. वाद वाढू नये म्हणून दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार ज्येष्ठतेनुसार लावण्यात आले: आधी पाटील, मग भावकी, मग उरलेले. (हा क्रम जुन्या क्रमाशी जुळला, हा योगायोग.)

पहिल्याचा प्रश्न मात्र सुटेना. अखेर मी सुचवले की, एका तोरणापायी एवढा क्लेश कशाला? बौद्धवाड्यातच दुसरे तोरण बांधावे, वेशीच्या तोरणाहून हातभर मोठे. तेथे कांताबाई निर्विवाद पहिल्या. कोणाचा मान गेला नाही, कोणाचे वडील रागावले नाहीत आणि समता जी आली ती दोन ठिकाणी आली. टाळ्या बराच वेळ चालल्या.

पोळ्याच्या दिवशी गावचे बैल शिंगे रंगवून, झुली पांघरून वेशीबाहेर बांधलेले होते, वडीलधारे पारावर चहा घेत होते आणि सारे मंडळ बौद्धवाड्यात समता-तोरणाचे उद्घाटन करीत होते. पताका होत्या, लाऊडस्पीकर होता. कांताबाईंनी वर पाहिले.

"हे कोनासाठी?"

"तुमच्यासाठी, मावशी. इथं तुमचीच जोडी पयली."

"माझ्या दारात माझीच जोडी पयली असती दादा. ती रोजच असती."

एवढे बोलून त्यांनी कासरा हाती घेतला आणि त्या वेशीकडे चालू लागल्या. आभारप्रदर्शन अर्धवट टाकून मंडळ मागे धावले. तोवर घुंगरांचा आवाज वेशीत शिरला होता. जोडी तोरणाखालून पलीकडे गेली. तोरण पडले नाही. वेसही पडली नाही. ती पडायला आली आहे असे ग्रामपंचायत दरवर्षी कळवते, तरी नाही.

रखमाजी पाटील पारावरून उठले. "कोनी जाऊ दिलं?"

"कोनीच न्हाई, आबा," शिवाजी म्हणाले; आणि हे अक्षरशः सत्य होते.

कांताबाईंनी पलीकडून वळून हाक दिली. "या की रं आता. पयली मी गेले. मागं हाव म्हनत व्हते ना समदे?"

आणि येथे, न्यायशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात, तो दोष उत्पन्न झाला. पाटलांची जोडी कोणाच्या मागे जात नाही. भावकीची पाटलांच्या आधी जात नाही. बाकी गाव भावकीच्या आधी जात नाही. दुसरी जागा समोर मोकळी होती आणि तिचे चौतीस उमेदवार हजर होते.

मच्छिंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "मी तिसरा जातो."

पाहता पाहता सगळेच तिसरे झाले.

दिवस कलला. बैल उपाशी, घरी पुरणपोळ्या गार. शेवटी पाटलांनी हुकूम केला आणि गावचे सारे बैल नाल्याकडच्या वाटेने आत आले, अर्थात पायरीप्रमाणे; पाटलांची जोडी चिखलात प्रथम. तोरण उतरवायला कोणी फिरकले नाही. ते कांताबाईंनी उतरवले आणि पाने आपल्या कणगीत ठेवली. त्या हंगामात कापूस वेचायला त्यांना एकाही शेतातून बोलावणे आले नाही. मंडळाने या गोष्टीचा तीव्र निषेध केला, एकमताने, दार लावून.

पुढे दरवर्षी पोळ्याला कांताबाई पहिल्या जातात, पलीकडे थांबतात आणि वळून पाहतात.

वाचकहो, आपण आरंभापासून कांताबाईंच्या बाजूचे आहात, हे माझ्या ध्यानात आले आहे. मध्ये एकदोनदा आपण मंडळाला हसलातही. म्हणून आपल्याला न विचारता आपले नाव मी तिसऱ्या जागेच्या यादीत घातले आहे. चूक झाली असल्यास पोळ्याच्या दिवशी वेशीवर येऊन तसे सांगावे. बैल आणलाच पाहिजे असे नाही.