एकशे वीस डब्यांतली किल्ली

बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते बघायचं, ही पेचकसरावांची जुनी खोड. खरं नाव वेगळं. पण लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेले असताना जावईबापूंनी सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ पेचकसानं खोललं, आणि तेव्हा पडलेलं नाव पुढे चिकटलंच. घड्याळ पुन्हा भिंतीवर गेलं, चालूही झालं. फक्त तीन स्क्रू उरले आणि ठोके मनाला येईल तेव्हा पडू लागले. त्यानंतर इस्त्री, रेडिओ, शिलाई मशीन आणि शेजाऱ्यांच्या दाराची घंटा अशी त्यांची प्रगती होत गेली. उघडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. (बंद करण्याबद्दल लोक कुरकुरत. पण ऑफिसात ते जावक विभागात होते आणि बावीस वर्षं पाकिटंच बंद करत होते. त्यामुळे बंद करणंही आपल्याला येतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.)

अशा माणसाच्या घरात बायकोनं कागदाच्या डब्या बनवायला घेतल्या, म्हणजे बघा. कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन; पाहुण्यांना निघताना हातात द्यायची छोटी डबी आणि सोबत हातानं केलेलं कार्ड. जेवणाच्या टेबलावर कागद, पट्टी, कात्री आणि गोंद असा संसार मांडून ती बसे आणि पेचकसराव मागे उभे राहून तिच्या मानेवर श्वास सोडत बघत. ही घडी आत का? ही खाच कशाला? ती पाणी प्यायला उठली की तयार डबी सपाट करून बघत. एकदा तर तिनं जपून ठेवलेला फुलांच्या पाकळ्यांचा जाड कागद त्यांनी चपलांच्या कप्प्यात अंथरला, चांगला बसतो म्हणून. त्या दिवसापासून सगळं सामान लोखंडी कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली लाल दोऱ्यात ओवून तिच्या पर्समध्ये.

अशात मोठ्या बाईंचं काम आलं. मोठ्या बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या धाकानं दुसऱ्या शाळेत गेलेलं. त्यांची पंच्याहत्तरी रविवारी शाळेच्याच सभागृहात होती. पाहुणे एकशे वीस, आणि प्रत्येकाला एक साबणाची वडी. (जन्मभर मुलांची नखं तपासलेली बाई दुसरं काय देणार?) डब्या बनवणारी आपलीच विद्यार्थिनी आहे, हे बाईंच्या लक्षातही नव्हतं.

बायकोच्या मात्र चांगलं लक्षात होतं. सातवीत हस्तकलेच्या तासाला तिचं पाकीट फाटलं होतं, आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, "तुझ्या हातात कला नाही, नुसती घाई आहे." मग फाटक्या पाकिटासकट तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं होतं. एकतीस वर्षं झाली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पैसे काय, मिळतातच. तिला बाईंच्या तोंडून एकदा "बरं झालंय" ऐकायचं होतं. बाई याहून जास्त कुणालाच काही म्हणत नसत, आणि तिला याहून जास्त नकोच होतं. डब्यांखेरीज महिनाभर खपून तिनं बाईंसाठी एक खास कार्डही केलं होतं. ते कुणाला दाखवलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

शनिवारी सकाळी तिला आजारी बहिणीकडे मुक्कामाला जावं लागलं. साबण त्याच दिवशी घरी यायचे होते. नाइलाजानं तिनं लाल दोऱ्याची किल्ली नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि बजावलं की साबण कपाटात ठेवायचे, कुलूप लावायचं आणि हात मागे बांधून बसायचं. पेचकसरावांनी मान डोलावली. तशी ते नेहमीच डोलावत.

साबण आले. किल्ली फिरली, कपाट उघडलं. आत एकशे वीस डब्या कापून, घड्या पाडून सपाट रचलेल्या होत्या आणि शेजारी रेशमी फितींचं बंडल. म्हणजे डबी भरायची आणि वरून फीत बांधायची. आता बघा, फीत म्हणजे गाठ आली, गाठ म्हणजे ती सुटणार आली. बावीस वर्षांच्या अनुभवावर पेचकसरावांना हे पटेना. झाकणाच्या पाकळीला एक छोटी जीभ कापली आणि समोरच्या भिंतीला बारीकशी खाच दिली, तर? एका डबीवर करून बघायला काय हरकत आहे? फक्त एका. त्यांनी डब्या आणि साबण टेबलावर घेतले आणि कपाटाचं दार पायानं लोटलं.

साबण पातळ कागदात गुंडाळून डबीत बसवला, झाकण दाबलं. टक्. फीत नाही, गोंद नाही, आणि डबी अशी गप्प बसली की शिवणही दिसेना. पेचकसरावांना स्वतःचाच हेवा वाटला. मग दुसरी केली, मग दहावी. दुपारचा चहा थंड झाला, संध्याकाळ झाली, आणि एकशे विसावी डबी टक् करून मिटली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डबी उघडते का, हे त्यांनी पाहिलं नाही. उघडणं हा तर आपल्या हातचा मळ, ते काय बघायचं, असा त्यामागे विचार होता.

रविवारी सकाळी बायको परतली आणि दारातच थबकली. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की ते आपोआप खुर्चीतून उठले. मग तिनं एक डबी उचलली, उलटी केली, कानाकोपरा न्याहाळला आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आतून कागदाचा आवाज येत होता. बाहेर आली ती म्हणाली की फितींपेक्षा हे दिसतं बरं. अठरा वर्षांच्या संसारातलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं. पेचकसराव इतके हरखले की तिनं भावाच्या गाडीत डब्यांची खोकी चढवून, "मी होते पुढे. कपाटातलं कार्ड तेवढं जपून हातात घेऊन या. किल्ली आहे ना?" असं विचारलं, तेव्हा ते छाती फुगवून "आहे की" म्हणाले.

गाडी वळली. त्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग टेबलाखाली, गादीखाली, साखरेच्या डब्यात. मग ते जमिनीवर बसले आणि शनिवारचा दिवस पहिल्यापासून आठवू लागले. किल्ली टेबलावर ठेवली होती. कुठे? त्या पातळ कागदांच्या ढिगावर. आणि रात्री टेबल कसं होतं? स्वच्छ. सगळा कागद कुठे गेला होता? डब्यांत.

म्हणजे किल्ली एकशे वीसांपैकी कुठल्यातरी डबीत होती, आणि डब्या गाडीत. पण पेचकस हाताशी असताना त्यांनी कधी हार मानली नव्हती. त्यांनी कपाटावर चाल केली. अर्ध्या तासात मूठ निघाली, मुठीमागची पट्टी निघाली, आणि दारावर एक गोल भोक उरलं, ज्यातून काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले. ते तसेच, एक हात काळा घेऊन, शाळेकडे पळत सुटले.

सभागृहात डब्या वाटून झाल्या होत्या. दाराशी मेहुण्यानं प्रत्येकाच्या हातात एक दिली होती आणि लोक ती मांडीवर घेऊन भाषणं ऐकत होते. बायको पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती. तिनं मान वळवून खुणेनं कार्ड विचारलं. पेचकसरावांनी खुणेनंच "येतंय" सांगितलं आणि मागच्या रांगेत एका दाताच्या डॉक्टरशेजारी अंग चोरून बसले. मग त्यांनी डॉक्टरांची डबी हळूच उचलली, कानाशी नेली आणि हलवली. आवाज नाही. पुढच्या शिंप्याची हलवली. नाही. निवृत्त बस कंडक्टरची हलवली.

"काय आहे हो आत?" कंडक्टरनं विचारलं.

खरं बोलायची सोय नव्हती. पेचकसराव म्हणाले की सगळ्यांत साबणच आहे, फक्त एका डबीत साबणाशिवाय आणखी काहीतरी आहे.

झालं. कंडक्टरनं ते शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं पुढच्या दोन नर्सबाईंना. चौथ्या रांगेत पोचेपर्यंत त्या काहीतरीची किल्ली झाली, आणि दुसऱ्या रांगेत कुणीतरी विचारू लागलं की गाडीची की घराची? एव्हाना प्रत्येकजण डबी कानाशी धरून हलवत होता. मग लोकांनी त्या उघडायला घेतल्या, आणि तेव्हा खरी गंमत सुरू झाली, कारण एकही उघडेना. कुणी नखानं, कुणी पेननं, तर शिंप्यानं दातांनी प्रयत्न केला. वक्ते बाईंच्या शिस्तीवर बोलत होते आणि सभागृहात वाळक्या पानांवरून शेळ्या चालाव्यात तसा आवाज भरला होता.

"हात खाली."

मोठ्या बाई उभ्या होत्या. आवाज चढवला नव्हता, पण शंभरावर हात एकदम मांडीवर आले. वक्तेसुद्धा खाली बसले. बाईंची नजर रांगांवरून फिरत फिरत शेवटच्या रांगेतल्या एका काळ्या हातावर थांबली.

पेचकसराव या शाळेत कधीच शिकले नव्हते, तरी ते उभे राहिले. डब्या, साबण, जीभ, खाच, किल्ली, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. शेवटी हेही सांगितलं की कार्ड कपाटात अडकलंय, ते बायकोनं महिनाभर खपून केलंय, आणि यात तिची काही चूक नाही. पहिल्या रांगेच्या टोकाला बायकोनं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं होतं. तिची मान बघून पेचकसरावांना वाटलं की घड्याळ, इस्त्री, रेडिओ, सगळं एकवेळ चालेल, पण आज आपण फार वाईट केलं.

बाईंनी टेबलावरची स्वतःची डबी उचलली. फिरवली, खालून बघितली, झाकणाखाली नख घालून पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर आत काय असेल अशी एक उत्सुकता आली, आणि क्षणभर त्या सातवीतल्या मुलीसारख्या दिसल्या. मग त्या म्हणाल्या, "फाडायची नाही कुणी. पहिली रांग, हलवा."

पहिली रांग हलली. आवाज नाही. दुसरी रांग. तिसरी. सगळं गाव श्वास रोखून ऐकत होतं. शेवटच्या रांगेत दाताच्या डॉक्टरांच्या डबीतून खुळ् असा बारीक आवाज आला. (हीच डबी पेचकसरावांनी सगळ्यांत आधी हलवली होती. उजव्या कानानं त्यांना जरा कमीच ऐकू येतं.)

डबी हातोहात पुढे गेली, पण उघडणार कोण? सगळे पेचकसरावांकडे बघू लागले, तसे ते पुढे आले. त्यांनी दाबलं, ओढलं, फिरवलं, फुंकर मारली. घाम फुटला. तेवढ्यात बायको उठली, त्यांच्या हातातून डबी घेतली, आणि दोन्ही कडा चिमटीत धरून हलकेच दाबल्या. डबी फुलासारखी उघडली.

सकाळी आतल्या खोलीत एक डबी फाडून ही युक्ती सापडली, असं तिनं सांगितलं. कुणी बनवलंय ते माहीत असल्यावर तपासायला नको? आणि ती सगळ्यांना शेवटी दाखवणारच होती.

मेहुणा किल्ली घेऊन गाडीनं घरी गेला. भाषणं पुन्हा सुरू झाली, पण ऐकत कुणीच नव्हतं, सगळे कडा दाबण्यात दंग होते. वीस मिनिटांनी तो कार्ड घेऊन परतला, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडणार तोच बायकोनं कार्ड घेऊन बाईंसमोर धरलं.

बाईंनी ते उघडलं आणि आतून शाळा उभी राहिली. कौलं, खिडक्या, घंटा, व्हरांड्याचे सात खांब, सगळं कागदाचं. तिसऱ्या खांबापाशी नखाएवढी, दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती.

"ही बाहेर कोण?"

"मी. सातवी ब."

बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग विचारलं, "काय म्हटलं होतं मी?"

"हातात कला नाही, नुसती घाई आहे."

बाईंनी कार्ड उलटं करून मागचे जोड तपासले, एकेका खांबावरून बोट फिरवलं. गोंदाचा डाग कुठेच नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "बरं झालंय," त्या म्हणाल्या, आणि जराशानं, "चुकलं होतं माझं." बायकोला मोठ्यानं रडू आलं आणि तिनं ते आवरलंही नाही.

आता मात्र मेहुण्याला राहवेना. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. "ही लागलीच नाही, बाई. कपाटाला कुलूपच नव्हतं. नुसतं दार ओढलं, उघडलं. फक्त ओढायला मूठ नव्हती, म्हणून भोकात बोट घालावं लागलं."

बाई सावकाश पेचकसरावांकडे वळल्या. "म्हणजे हिची घाई गेली कुठे, ते कळलं." आणि त्यांनी एक बोट दाराकडे केलं.

पेचकसराव निमूटपणे बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. आत टाळ्या वाजत होत्या, चहा आला होता, कुणीतरी बायकोला दोनशे डब्यांचं काम सांगत होतं. दाराशी उरलेली एक डबी उचलून त्यांनी तिच्या कडा दाबून बघितल्या. उघडेना. थोड्या वेळानं बायको दाराशी आली. डोळे अजून लाल होते, पण हसत होती.

"हाच तो खांब," ती म्हणाली. "तिसरा. इथेच उभी होते मी."

"किती वेळ?"

"घंटा होईपर्यंत."

"मग आता घंटा कधी होते?"

बायको आत वळली. "आज रविवार आहे," ती म्हणाली.