तीन ट्यूब सीलंट

इंजिनाचं चेंबर मिस्त्रीची वाट न बघता आपणच बसवायचं, हे मी एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. (माझे बहुतेक चुकीचे निर्णय चहाबरोबरच होतात. जेवताना मी इतका धाडसी नसतो.)

गाडी माझ्या सासऱ्यांची. माझी बायको ड्रायव्हिंग शिकली ती याच गाडीवर. सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून ती आमच्या गॅरेजमध्ये उभी होती आणि पाच वर्षं जमिनीवर तेल गाळत होती. शेवटी सासऱ्यांनीच निकाल दिला. रविवारी चालू झाली तर ठेवा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येऊन नेईल, तिला असं पडलेलं मला बघवत नाही, असं म्हणाले. संध्याकाळी बायको गॅरेजमध्ये एकटीच स्टिअरिंग पुसत उभी होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं, आणि मी पेटून उठलो.

पेटायला आणखी एक कारण होतं. मी ठोकलेलं फळकूट एकदा सासऱ्यांच्या देखतच खाली आलं, तेव्हापासून गेली वीस वर्षं त्यांचं एकच वाक्य मी ऐकतो आहे: "जावईबापू, तुमच्या हाताचं काही टिकत नाही."

इंजिन मिस्त्रीने उघडून आतून नवं केलं होतं. राहिलं होतं फक्त चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तो पत्र्याचा डबा. ते रविवारी येऊन लावतो, असं मिस्त्री म्हणाला होता. पण कडेने तेल गळू नये म्हणून लावतात ते सीलंट वाळायला चोवीस तास लागतात, हे मला कुठूनतरी कळलं होतं. रविवारी लावलं तर गाडी सोमवारी सुरू होणार, आणि सोमवारी तर भंगारवाला. हिशेब बरोबर होता. (माझे हिशेब नेहमी बरोबर असतात. गोची पुढे होते.)

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. एक ब्रशने लावायचं आणि दगडासारखं होणारं, एक कायम ओलसर राहणारं, आणि एक ट्यूबमधलं, रबरासारखं होणारं. मी सगळ्यात घट्ट बसेल ते मागितलं.

"घट्ट नको साहेब, जागेला शोभेल ते पाहिजे," तो म्हणाला. "चेंबर पुढे कधी उघडायचं आहे ना?"

मी ठामपणे नाही म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ट्यूबमधलं राखाडी सीलंट दिलं. बुटाच्या नाडीएवढी बारीक रेघ ओढा, अर्ध्या ट्यूबमध्ये काम होतं, असंही दोनदा सांगितलं. मी तीन ट्यूब घेतल्या.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी बावीस वर्षं ऑफिसच्या जावक विभागात आहे. लिफाफे बंद करणं हे माझं काम, आणि या विषयात माझा अधिकार मोठे साहेबही मानतात. आमच्याकडचा नियम साधा आहे. दाबल्यावर कडेने डिंक बाहेर आला, तर लिफाफा चिकटला. नाही आला, तर तो वाटेत उघडणार आणि मेमो आपल्याला मिळणार. दुकानदाराने आयुष्यात किती लिफाफे बंद केले असतील?

चेंबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. सीलंट एकसारखं पडावं म्हणून बायकोची केकवर नक्षी काढायची पिशवी घेतली. पहिली फेरी नाडीएवढी झाली, पण ती बघून माझं समाधान होईना. दुसरी फेरी मारली. तिसरीनंतर चेंबरला गळपट्टा गुंडाळल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा कुठे जीव थंडावला. मग गाडीखाली आडवा होऊन ते वर धरलं आणि बोल्ट आवळत गेलो. चारी बाजूंनी सीलंट भसाभस बाहेर आलं. माझ्या कपाळावर पडलं, चष्म्यावर पडलं, पण मला आनंदच झाला. लिफाफा चिकटला होता.

दुपारपर्यंत फ्रिजचं हँडल, टीव्हीचा रिमोट आणि गाडीची पुढची काच यांवर माझे राखाडी ठसे उमटले होते. बायकोने केकची पिशवी दोन बोटांत धरून मला दाखवली. मी रविवारचं चित्र डोळ्यांसमोर आणलं.

रविवारी सासरे ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच आले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. मी तेल भरलं. बायको स्टिअरिंगला बसली आणि तिने किल्ली फिरवली. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं, आणि काय सुरेख आवाज होता तो! गाडीखाली मी ऑफिसचे कोरे कागद पसरले होते, त्यांवर तेलाचा एक थेंब नाही. सासऱ्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि डोळे मिटले. बायको रडत होती. मी छाती काढून उभा होतो.

दहाएक मिनिटांनी डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. जुनी गाडी, बल्ब बिघडला असेल, असं मी सांगत होतो, तेवढ्यात इंजिनाचा बदललेला आवाज ऐकून मिस्त्री फाटकातूनच ओरडत धावत आला आणि त्याने किल्ली बंद केली.

चेंबर उघडायला त्याला साडेतीन तास लागले. बोल्ट निघाले, पण चेंबर हलेना. हातोडी झाली, पटाशी झाली, शेवटी बायकोची केक कापायची सुरीही कामी आली. एकदाचं ते सुटलं, तेव्हा आत तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर सीलंटच्या राखाडी गांडुळांचा गोळा अडकला होता.

"साहेब, जेवढं बाहेर आलेलं दिसतं, तेवढंच आतही गेलेलं असतं," मिस्त्री म्हणाला.

हे जावक विभागात मला कोणीच सांगितलं नव्हतं. इंजिनाला इजा झाली नव्हती, किल्ली वेळेत बंद झाली म्हणून निभावलं. पण नव्याने सीलंट लावून वाळवायचं म्हणजे सोमवार उजाडणार होता. मी खाली मान घालून उभा राहिलो.

सासऱ्यांनी फोन काढला आणि भंगारवाल्याला कायमचं नको म्हणून सांगितलं. तिचा आवाज ऐकला, आता देववत नाही, असं मिस्त्रीला म्हणाले. बायकोने पदर खोचला, माझ्या हातातली तिसरी ट्यूब काढून घेतली आणि नाडीएवढी एकच रेघ ओढली. तिच्या केकवरच्या नक्षीसारखी, सरळ. मला बोल्ट धरायचं काम मिळालं.

पुढच्या रविवारी आम्ही फिरायला निघालो. बायको चालवत होती, सासरे तिच्या शेजारी, मी मागे. लाल दिवा लागला नाही. अर्ध्या वाटेत सासरे मागे वळले.

"जावईबापू, वीस वर्षं मी तुम्हाला उगाच बोललो."

माझा ऊर भरून आला. तसं काही नाही हो, असं मी म्हणालोसुद्धा.

"नाही, चूक ती चूक," म्हणत त्यांनी पुढच्या काचेवरच्या राखाडी ठशावर बोट ठेवलं. "आठवडाभर घासतोय मी हा. निघत नाही. तुमच्या हाताचं काहीतरी टिकलं."