गाडी आणल्याशिवाय चाक नाही

आमच्या अमडापुरात जब्बारभाईच्या दुकानात तुम्ही कोणत्याही कामाने जा, तो लेथवरून मान वर न करता एकच विचारतो, "गाडी आणली का?" लग्नाची पत्रिका घेऊन गेलेल्या माणसालाही हाच प्रश्न. मागे त्याला ताप भरला तेव्हा चिखलीहून डॉक्टर आले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनाही विचारलं, "गाडी आणली का?"

"हो, बाहेर उभी आहे," डॉक्टर म्हणाले.

"मंग आत आणा ना."

डॉक्टरांना वाटलं ताप डोक्यात गेला. त्यांना काय माहीत, जब्बारभाई ज्या गाड्यांची चाकं करतो त्या बगलेत मावतात. रिमोटवर पळतात. शहरात मिशा पिकलेले बाप्ये त्यांच्या शर्यती लावतात म्हणे. मी एकदा त्यांना खेळणं म्हणालो, तर जब्बारभाईने आठवडाभर माझा चहा बंद केला.

मी शेजारचा सुतार. शाळा चौथीत सुटली, पण या भागातल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, माझ्या चाकांवर चालल्या. माझं चाक उचलायला दोन गडी लागत. त्यामुळे जब्बारभाईने पहिल्यांदा मूठ उघडून आपलं चाक दाखवलं तेव्हा मला राहवलं नाही.

"जब्बारभाई, हे चाक व्हय का सदऱ्याचं बटन?"

"मिस्त्री, तुमच्या चाकात बोटभर फरक खपते. याच्यात केसाचा आला तं लंगडते."

'लंगडते' हा त्याचा आवडता शब्द. चाक केलं की पितळी ताट पालथं घालायचं, त्यावर ते सोडायचं आणि कान टेकवून ऐकायचं. मग निकाल. पुढे पुढे सगळंच लंगडायला लागलं. चहा लंगडते, सरकार लंगडते, माझा चष्मा लंगडते. एकदा माझ्या जावयाला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "पोरगा चांगला हाय, पण जरासा लंगडते." जावई बिचारा धडधाकट. दिवसभर स्वतःच्या पायांकडे बघत होता.

हे वेड लावलं त्याच्या पोराने. आधी जब्बारभाई मोटारपंपाचे शाफ्ट आणि मळणीयंत्राचे बुश करायचा, सरळ माणसासारखा. अस्लम पुण्याला नोकरीला गेला, तिथे त्याला या गाड्यांचा नाद लागला. एक दिवस फोन आला, "अब्बा, मेरे गाडी को चार चाकं बना के दो." बाप हरखून गेला. म्हणाला, "गाडी घेऊन ये बेटा, माप घेतो." अस्लम म्हणाला, येतो. त्याचं ते येणं अजून चालूच आहे. मधे किती ईदा गेल्या ते त्याच्या आईला, मुमताजभाभीला, विचारू नये, ती चुलीकडे तोंड फिरवते.

पण बाप काही थांबला नाही. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लेथवर लावून चाकं कातू लागला. मग रंग. तो रंग ब्रशने लावायचा नसतो. टबात बॅटरीचं तेजाब पाण्यात टाकायचं, चाक तारेने त्यात टांगायचं, शिशाची पट्टी सोडायची आणि चार्जर चालू करायचा. चाकावर बारीक बुडबुडे येतात. "आता त्याच्या अंगाले भोकं पडले, डोळ्याले नाही दिसत," जब्बारभाई सांगतो. मग ते रंगाच्या पाण्यात. भोकं रंग पितात. शेवटी उकळत्या पाण्यात टाकलं की भोकांची तोंडं बंद. मग नखाने खरवडा, रंग हलत नाही.

हे उकळणं भाभीच्या पातेल्यात व्हायचं. एकदा पाहुण्याच्या ताटात वरणातून लाल चाक निघालं. पाहुणा घाबरून उठला. जब्बारभाईने ते बोटांनी पुसलं, ताटावर सोडून पाहिलं आणि म्हणाला, "बसा बसा, लंगडत नाही." भाभीने त्या दिवसापासून पातेल्यांना कुलूप घातलं.

अस्लमने बापाच्या चाकांचे फोटो मित्रांना दाखवले असावेत. अकोला, नागपूर, कुठून कुठून लोक यायला लागले. फोन करणाऱ्याला जब्बारभाईचा कायदा एकच. कुरिअर नाही, फोटो नाही. गाडी आणल्याशिवाय चाक नाही. बुलढाण्याचा एक वकील गाडी मांडीवर घेऊन एस.टी.ने आला, तर कंडक्टरने म्हणे विचारलं, "याचं हाफ तिकीट काढू का?"

परवा नागपूरचा असाच एक माणूस आला. चाकं तेजाबात होती, म्हणून माझ्या ओट्यावर येऊन टेकला. मी म्हटलं, "माप म्हणजे माप, भाऊ. गाडी पाह्यल्याबिगर कसं जमन?"

तो हसला. "काका, माप कसलं? या गाड्यांचं मधलं भोक ठरलेलं असतं. सहा कोपऱ्यांचं, बारा मिलिमीटर. मी लिहून पाठवलं होतं. तरी म्हणाले, गाडी आणा."

माझं डोकं फिरलं. मापाच्या बाबतीत मला कोणी बनवलेलं चालत नाही. तसाच दुकानात गेलो.

"काय हो जब्बारभाई, माप ठरेल हाय तं लोकायले काऊन हिंडवता?"

त्याने तार सोडली नाही. "मिस्त्री, तुमी बंडी दारात उभी केल्याबिगर चाक करत होते का?"

"कधीच नाही. कणा पाहा लागते. अन् बंडीवाला संग राह्यते. दिवसभर बसते, बोलते, दुपारी माह्या घरी जेवते..."

बोलता बोलता मी थांबलो.

"हाव," जब्बारभाई म्हणाला. "अन् दुसऱ्यायले कुरिअर केलं तं अस्लमले समजन. थो म्हणन, मलेही पाठवा."

खिडकीत एका वाटीत स्वच्छ पाणी होतं. त्यात चार पांढरी चाकं.

"त्याचे हायेत. रंग त्यानं इथं बसून सांगावं. उकळी देल्ली का मंग रंग घेत नाही."

"अन् नाही देल्ली तं?"

"तरी भोकं हळूहळू बुजतेच. मंग सोड्यात धुतो, पुन्हा तेजाबात टाकतो. धुऊन धुऊन झिजले का नवे काततो."

तेवढ्यात अस्लमचाच फोन आला. जब्बारभाईचे हात तेजाबाचे, म्हणून भाभीने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"अब्बा, इधर दुकान में तयार चाकं मिल रहे. ले लूं क्या? आपको कायकू तकलीफ?"

जब्बारभाई तारेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ले ले बेटा. अच्छे है तो ले ले."

मी फोन उचलला. "अस्लम, मी मिस्त्री बोलून राह्यलो."

"सलाम काका."

"ते दुकानातले चाकं घेऊ नको. तुह्या गाडीचं माप येगळं हाय."

"नाही काका, सगळ्यांचं बाराच असतं."

"मले शिकवतं का बे? जिंदगी गेली माही चाकं करण्यात. गाडी घेऊन ये. अन् दोन दिवस काढून ये, रंग वाळाले वेळ लागते."

अस्लम म्हणाला, "बघतो काका. सुट्टी मिळते का बघतो."

चुकीचं माप मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. आणि तो रंग वाळवावा लागत नाही, हे आता तुम्हालाही माहीत झालं आहे.

जब्बारभाईने हात धुतले. वाटीतलं एक चाक काढलं, ताटावर सोडलं, कान टेकवला. चाक सुतासारखं सरळ गेलं.

"लंगडते?" मी विचारलं.

"जरासं," तो म्हणाला, आणि लेथवर नवा दांडा लावला.

दुपारी चिखलीची एस.टी. येते तेव्हा जब्बारभाई लेथ बंद करतो. मला वाटायचं, वीज वाचवतो. आता मीही रंधा बाजूला ठेवतो. उतरणाऱ्याच्या बगलेत काय आहे ते आम्ही दोघं आधी बघतो. तोंड मागून.