रगात गेलं मुंबईला

तुळसाच्या गुडघ्यांना त्या घरात बारा वर्षं मान होता. ते दुखायला लागल्यापासून ती विहिरीवर गेली नव्हती आणि घरातली एकुलती एक खुर्ची तिच्याकडे आली होती. चार बायका जमल्या की बोलणं फिरून तिच्या गुडघ्यांवरच यायचं. अशात धाकटी जाऊ गोदा हिची बोटं सुजली आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला थेट मुंबईला धाडायचं ठरवलं. तुळसाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बारा वर्सं दुकतंय मना, नि रगात जातंय हिचं!" ती शेजारच्या कुलसुमला म्हणाली. "हिचं दुकनं कालच्या शिमग्याचं!"

कुलसुमचा नवरा वजीर मासळीचा ट्रक घेऊन मुंबईला जायचा. रक्त त्याच्याच बर्फातून जाणार होतं, त्यामुळे कुलसुमला सगळी माहिती होती. "डॉक्टर बोलला, अंगातले शिपाई येडे होतात. बाहेरचा दुश्मन सोडून घरच्यांनाच मारतात. रगतात त्यांचा माग लागतो."

"घरच्यांना मारनारे? तसले शिपाय माज्यात कवापास्नं हायत!"

तुळसाने दोन दिवस अबोला धरला. सासूला तो फारच मानवला. मग ती बोलायला लागली, तेव्हा मात्र सासू शरण आली. "दोगीपन जावा. पन माजे कान सोडा!"

दवाखान्यात जायला तीन दिवस होते. तुळसाने ते वाया घालवले नाहीत. रक्त चांगलं खराब निघायला हवं म्हणून तिने वातूळ तेवढं पोटात ढकललं: वालाची उसळ, फणसाची भाजी, वर आंबट ताक. वाढताना गोदाच्या हातून पळी निसटे. ही मुद्दाम निसटवते, असं तुळसाला वाटे आणि ती आणखी वाल मागून घेई.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या पोटात मुरडा उठला होता.

"गुडघे ना दुखतात तुमचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते पन. पन आज प्वाट त्येंच्या फुडं हाय!" असं म्हणत ती पोट धरून कोपऱ्यात उकिडवी बसली. कळ ओसरली तशी उठली, पुन्हा आली तशी पुन्हा बसली. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. रक्त काढल्याशिवाय ही बाई जाणार नाही, हेही त्यांना दिसलं. त्यांनी दोघींचं रक्त काढलं. बाटलीत ते थिजून वर पिवळं पाणी सुटलं. तेच मुंबईला जायचं होतं.

"माजं जास्त पिवळं हाय," तुळसाने गोदाला ऐकवलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. गोदाच्या रक्तात ते शिपाई सापडले. "बोटांची सूज, सकाळचा ताठरपणा, सगळं जुळतंय," डॉक्टर म्हणाले. "औषध पुष्कळ दिवस चालेल. जड उचलायचं नाही."

"नि माज्यात किती?"

"एकही नाही."

"नीट बगा वो! मासळीच्या बर्फात मेले असतील."

डॉक्टर हसले. "नुसत्या कागदावर मी विसंबत नाही, बाई. पण गुडघे तुम्हीच दाखवलेत त्या दिवशी. चार वेळा बसलात, चार वेळा उठलात."

घरी सासूने खुर्ची गोदाकडे सरकवली आणि कळशी तुळसाच्या हातात दिली. विहिरीवर पहिली कळशी ओढताना तुळसाला रडू आलं. दुसरी ओढताना तेवढं आलं नाही.

परत आली तर गोदा खुर्चीच्या कडेला टेकून डोळे पुसत होती. पदर धरायलाही बोटं मिटत नव्हती. तुळसाने ती बोटं प्रथमच नीट पाहिली. हे काही सोंग नव्हतं.

"जाऊबाय, मना हितं बसवत नाय," गोदा म्हणाली. "सासूबाय आल्या की मी उटते, मंग त्या काम सांगतात."

तुळसाने कळशी खाली ठेवली.

"उटताना कन्हतंस?"

"उटल्यावर कन्हते."

"तितंच चुकतंय तुजं! आदी कन्हायचं, मंग खुर्चीचा हात धरायचा, मंग उटायला लागायचं. तवर म्हातारी 'बस गो' बोलतेच. कर बगू."

गोदा कण्हली. तुळसाने मान हलवली.

"पुन्ना. जरा आतून येवदे."