चिकटवणाऱ्या आक्का

आमच्या निमगाव केतकीत माणसं एकमेकांना कोर्टाची भीती घालतात, तलाठ्याची घालतात, फार तर देवाची घालतात. शेवंताआक्कांची भीती एकच. "लई बोलू नगं," त्या म्हणतात, "चिकटवीन तुला."

आणि त्या खरंच चिकटवतात. बोर्डावर. तुमचं नाक म्हणून वाळलेली मिरची, पोट म्हणून पेंडीच्या पोत्याचा तुकडा, आणि तोंड म्हणून त्या आठवड्यात तुमच्या तोंडाला जे शोभेल ते.

आक्का पासष्टीच्या पुढं गेल्यात. घर गावाबाहेर, रस्त्याला लागून. मागं मेथी, कोथिंबीर, वांगी आणि थोडी डाळिंबाची झाडं. आठवडाभर त्यांचं कुणाशी ना कुणाशी वाजतं. ज्याच्याशी जास्त वाजलं त्याचं चित्र होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी ते रस्त्याकडच्या भिंतीवर लागतं आणि पुढच्या बाजारापर्यंत तिथंच राहतं. चार गावची माणसं बाजाराला येतात ती आधी आक्कांची भिंत बघतात, मग भाजी.

माझं स्टँडजवळ फोटो फ्रेमचं दुकान आहे. देव, लग्नं आणि गेलेली माणसं या तिघांवर माझं घर चालतं. फ्रेमच्या पाठीला जो हार्डबोर्ड लावतात त्याचे उरलेले तुकडे आक्का दर आठवड्याला न्यायला येतात. तेसुद्धा भांडतच.

"सुरेश, हा तुकडा लहान हाय."

"उरलेला आहे आक्का. उरलेला लहानच असणार."

"मग माझा राग मावायचा कुठं?"

मी मोठा तुकडा काढून देतो.

डाळिंबाचा एक व्यापारी त्यांच्या रानात आला, सगळी झाडं फिरला आणि 'डाग हाय' म्हणून निघून गेला. त्या आठवड्यात भिंतीवर त्याचं तोंड लागलं. गाल डाळिंबाच्या वाळक्या सालीचे, दात दाण्यांचे आणि तोंडभर डांबराचे ठिपके. खाली ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'हितं डाग हाय.' त्या माणसानं पुढं दोन महिने गावात यायला मागचा रस्ता धरला.

कुणा एका भावी नेत्यानं वाढदिवसाचा फ्लेक्स असा लावला की आक्कांच्या दारातला उजेडच गेला. आक्कांनी त्याला हात लावला नाही. वाढदिवस होईपर्यंत दात-ओठ खात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच विळा घेऊन फ्लेक्स उतरवला. "वाढदिवस झाला. आता कापड माझं." नेत्याचा गॉगल आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्या शुभेच्छुकांचे गॉगल त्यांनी कापून काढले आणि काळ्या घोंगडीच्या तुकड्यापासून केलेल्या एका म्हशीला चिकटवले. म्हशीला डोळे किती असावेत याला काही धरबंध राहिला नाही. नेता चार पोरं घेऊन भांडायला आला. भिंतीसमोर उभा राहिला आणि शेवटी म्हशीसोबत फोटो काढून घेऊन गेला. यानं आक्का आणखी चिडल्या. "त्याला राग यायला पायजे हुता. मग मी केलं कशाला?"

मीही चिकटलोय. दिवाळीच्या गर्दीत त्यांना बोर्ड द्यायला दोन दिवस उशीर केला. लागलो मी भिंतीवर. हात-पाय फ्रेमच्या मोडक्या पट्ट्यांचे, तोंडाच्या जागी शटरच्या पत्र्याचा तुकडा आणि त्यावर लिहिलेलं, 'उद्या या.' माझी बायको भाजी घ्यायला गेली होती. चित्रासमोर बराच वेळ थांबली आणि घरी येऊन एकच शब्द बोलली. "हुबेहूब."

लोक हसतात, मीही हसतो. पण आक्कांचा राग नाटकी नाही. मी त्यांना कापताना बघितलंय. त्या ओठ घट्ट मिटतात, कात्री करकर चालते आणि मैद्याची खळ अशी थापतात की एखाद्याला थोबाडात द्यावी. या रागाचं मूळ गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर मात्र ते कुणी काढत नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या जावेच्या, कमळाकाकूंच्या, मुलीचं लग्न होतं. दोन्ही जावांची घरं एकाला एक लागून, मधली भिंत एकच. पत्रिका छापून आल्या. निमंत्रकांच्या यादीत आक्कांच्या मालकांचं नाव पहिलं होतं आणि त्या नावाआधी 'कै.' छापलं होतं. सासऱ्यांच्या नावाआधीचं ते अक्षर छापणाऱ्यानं एक ओळ वर चढवलं होतं. आबा, म्हणजे आक्कांचे मालक, तेव्हा ओसरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी पत्रिका वाचली आणि म्हणाले, "शेवंता, कप घे बाई. मेलेल्या मानसाला चहा चालत न्हाय."

आबा हसले, आक्का हसल्या नाहीत. पत्रिका बदलून आणा म्हणाल्या. कमळाकाकू म्हणाल्या, लग्न चार दिवसांवर आलंय, पेनानं खोडून टाकू. त्यावरून जे जुंपलं ते मांडवात गेलं, मांडवातून घरी आलं आणि दोघींचं बोलणं तुटलं. नातेवाइकांत वाटायला दिलेल्या पन्नास पत्रिका आक्कांनी वाटल्याच नाहीत. कापल्या, आणि एका बोर्डावर तोंड वासलेली बाई चिकटवली. ते त्यांचं पहिलं चित्र.

पुढच्याच वर्षी आबा गेले. रानात पाणी धरताना बसले ते उठले नाहीत. आक्का दहाव्याला सगळ्यांसमोर बोलल्या, "छापलं तवाच गेलं हुतं मानूस." कमळाकाकू खाली मान घालून उठल्या आणि आपल्या दारात गेल्या. त्यानंतर आक्कांचा एकही आठवडा चित्राशिवाय गेला नाही.

गेल्या दोन वर्षांत कमळाकाकूंचे डोळे गेले. काचबिंदू. बारामतीला नेलं, पुण्याला नेलं, पण उशीर झाला होता. आक्का चौकशीला गेल्या नाहीत. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. भिंतीला भिंत, आणि एवढं कसलं कठोर मन म्हणावं. पण आक्कांना हे सांगायची माझी छाती नव्हती. पुन्हा भिंतीवर लागायची माझी तयारी नव्हती.

त्याच सुमारास त्यांची चित्रं जाड व्हायला लागली. चिंचोके, मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं, ठिबकच्या नळीचे तुकडे, बांगड्यांच्या काचा घासून बोथट केलेल्या, वाळू, सुतळी. मी म्हणालो, "आक्का, ही कुठल्याच फ्रेममध्ये बसायची नाहीत." आक्का म्हणाल्या, "फ्रेम तुझ्या देवान्ला घाल." भिंतीवरसुद्धा त्या चित्रं खाली टांगायला लागल्या, कमरेच्या उंचीवर. लोकांना वाकून बघावं लागायचं. कुणी बोललं तर म्हणायच्या, "शेळ्यास्नी बी बघू दे."

यंदा बारामतीच्या एका चित्रकलेच्या बाईंनी रस्त्यानं जाताना गाडी थांबवली. माणूस म्हणून फार चांगल्या. त्यांनी भिंतीवरचं चित्र वाकून बघितलं. म्हणाल्या, "आजी, हे मिक्स मीडिया आहे. टाकाऊतून टिकाऊ. किती सुंदर."

"टाकाऊ काय हाय ह्यात?"

"म्हणजे साली, सुतळी, पोती..."

"डाळिंब मी पिकवलं, साल माझी. सुतळी आमच्या मालकान्नी वळलेली. पोतं माझ्या पाठीवर आलंय. टाकाऊ तुमच्या घरात आसंल."

बाई वरमल्या, पण चिवट होत्या. तीनदा आल्या, आणि बारामतीच्या एका हॉलमध्ये हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं त्यात आक्कांची आठ चित्रं लावायचं ठरवून गेल्या. आक्का कशा तयार झाल्या हे मला कळलं नाही. मी खोल पेट्यांसारख्या फ्रेमा बनवल्या, वर काच बसवली आणि आम्ही चित्रं घेऊन टेम्पोनं बारामतीला गेलो.

हॉल थंडगार होता. आक्कांच्या चित्रांखाली 'ग्रामीण महिला कलाकार' अशी पाटी होती. त्यावर त्या नुसत्या फुरफुरल्या. मग त्यांना दुसरी पाटी दिसली. 'कृपया चित्रांना हात लावू नये.'

"ही कुणी लावली?"

बाई म्हणाल्या, "आजी, सगळीकडं असते. चित्रं खराब होतात."

"हात लावून खराब हुत्यात? मग केली कशापायी?"

"चित्रं बघायची असतात ना आजी."

आक्कांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो. वाटलं, आता या बाई चिकटल्या. पण आक्का त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. पाटीकडं बघत होत्या. "ज्याला बघता येत न्हाय त्यानं काय करायचं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता आणि मध्येच फुटला. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बाई काही बोलायच्या आत आक्कांनी पहिलं चित्र खिळ्यावरून काढलं होतं. "सुरेश, समदी उतरव."

मी उतरवली. टेम्पोनं परत निघालो. भवानीनगर गेलं, ऊस गेला, केळी गेल्या. मी काही विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

घराशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी चित्रं आक्कांच्या दाराकडं न्यायला लागलो तर त्या म्हणाल्या, "तितं न्हाय. काचा काढ आन् तिकडं ठेव." तिकडं म्हणजे कमळाकाकूंच्या ओसरीवर.

कमळाकाकू खांबाला टेकून बसल्या होत्या. माझी चाहूल लागल्यावर म्हणाल्या, "सुरेश हाय का? इतक्या लवकर आलात?"

"पाटीवरून वाजलं," मी म्हणालो.

"वाटलंच मला."

मी काच काढून पहिलं चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचे दोन्ही हात त्यावर गेले. सवयीचे हात होते, चाचपडत नव्हते. मग त्यांनीच मला सांगितलं. डोळे गेल्यावर त्या नळाला जाताना भिंत धरून चालायच्या. एक दिवस हाताला चिंचोके लागले. त्या थांबल्या, चिंचोक्यांवरून बोट फिरवलं आणि भिंतीपलीकडून भांडण ऐकलेल्या एका व्यापाऱ्याचं पोट ओळखून एकट्याच हसल्या. दारात आक्का उभ्या असणार, कारण पुढच्या आठवड्यात चित्र हाताच्या उंचीवर आलं. त्यानंतर दर आठवड्याला. दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आक्का अंगणात पाठ करून उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

"सुरेश," कमळाकाकू म्हणाल्या, "तिला इचार, ह्या आठवड्याचं कुठंय? ही आठ माझी बघून झाली."

मी आक्कांकडं वळलो. "तिला सांग," आक्का म्हणाल्या, "ते आजून व्हायचंय."

"तिला म्हनावं, झालंय तेवढं दाव."

आक्का पाय आपटत घरात गेल्या आणि एक बोर्ड घेऊन आल्या. मी दिलेला सगळ्यात मोठा तुकडा होता तो. त्यांनी तो माझ्याकडं दिला नाही, सरळ कमळाकाकूंच्या मांडीवर ठेवला.

बसलेला माणूस होता. धोतर जुन्या सुती कापडाचं, पाय बाभळीच्या सालीचे, हातात कपाचा खराखुरा कान. आक्कांच्या चित्रांतला हा पहिलाच माणूस ज्याच्यावर त्या चिडलेल्या नव्हत्या. कमळाकाकूंची बोटं पायापासून वर सरकली, कपाशी थांबली, मिशीच्या सुतळीवरून गेली आणि खळ घालून कडक केलेल्या टोपीवर येऊन थबकली.

मग म्हणाल्या, "आबा हायती."

आक्कांनी पदराला हात पुसले.

"टोपी चुकलीया," कमळाकाकू म्हणाल्या. या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "आबा अशी सरळ घालत न्हवते. उजव्या कानावर यायची."

मी डोळे मिटून घेतले. आक्कांच्या चित्रात आजवर कुणी टाचणीएवढी चूक काढलेली नव्हती.

"अकरा वर्सं आधी ती पत्रिका नीट वाचली आस्तीस," आक्का म्हणाल्या, "तर आज टोपी सांगायला बसली नस्तीस."

"व्हय," कमळाकाकू म्हणाल्या. "वाचायला पायजे हुती. तवा मला दिसत हुतं."

आक्का तिथंच उभ्या राहिल्या. हाताची मूठ वळत होती आणि सुटत होती. मग त्या ओसरीवर चढल्या, कमळाकाकूंच्या शेजारी धपकन बसल्या आणि नखानं टोपीची कड उकलायला लागल्या. टोपी अर्धी वाळली होती. जपून, न फाडता त्यांनी ती सोडवली आणि कमळाकाकूंच्या तळहातावर ठेवली.

"लाव मग तू," त्या म्हणाल्या. "खळ आनते."